मुठीचा डबा

माझ्या भावाच्या दाढेखाली खडा आला तो आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. एलीया गाल धरून क्षणभर तसाच बसला, मग उठून अंगणात गेला, चूळ भरली आणि परत पाटावर येऊन बसला. ताटाला मात्र हात लावेना.

“ताई, हा भात आहे ना?” त्यानं विचारलं. “मग यात ज्वारी काय करतेय? आणि ही मटकी?”

“निवडताना राहिली असेल.”

“धान्य आणता तरी कुठून तुम्ही?”

उत्तर माझ्या नवऱ्यानं दिलं, तेही हसतमुखानं. “मंडळी देते. प्रभूची कृपा आहे. आपल्याला काय कमी आहे?”

हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. शांतवन ढगे, सोनखेड्याच्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे पाळक. सदरे दोन, एक अंगात आणि एक दोरीवर, आणि तोंडात हे एक वाक्य. रॉकेल संपलं, आपल्याला काय कमी आहे. आमच्या लेकीच्या, सलोमीच्या चपलेचा अंगठा तुटला, आपल्याला काय कमी आहे. काय कमी आहे याची यादी मला पाठ होती, पण ती ऐकायला ते कधी घरात बसले असतील तर शपथ.

या गोष्टीला आता पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. सोनखेडा हे मराठवाड्यातलं बाजाराचं गाव. गावात धान्याचा मोंढा मोठा, पण आमची ख्रिस्ती घरं चौदा. पाळकाचा पगार वरून यायचा तेव्हा यायचा, आणि आला तरी अर्धा महिना कसाबसा पुरायचा. उरलेला अर्धा महिना मुठीच्या डब्यावर. तिथली जुनी रीत अशी की स्वयंपाकाला लागताना बाईनं आधी एक मूठ धान्य देवाच्या नावानं मडक्यात टाकायची. रविवारी ते मडकं चर्चच्या दाराशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात रिकामं करायचं, आणि उपासना झाली की डबा पाळकाच्या घरी. कल्पना सुंदर आहे. ज्यानं ती काढली त्याला सोमवारी डबा निवडायला बसवायला हवं होतं.

तो मुलूख ज्वारीचा. घरोघर ज्वारीच शिजायची, तेव्हा डब्यात ज्वारीच यायला हवी. पण आमच्या डब्यात ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, मटकी, तुरीची चूर, हरभऱ्याची कणी आणि वर काळे खडे, सगळ्यांचं संमेलन भरलेलं असायचं. सोमवारी सकाळी मी सूप घेऊन बसले की उठायला दुपार व्हायची. मान भरून यायची. मी नगरची, डी.एड. झालेली, पहिल्या वर्गात पास. हे शिक्षण मी मटकीतून बाजरी काढायला घेतलं होतं का? माझी खात्री होती की चौदा घरांतल्या बायका कोठीच्या तळाला उरलेलं नको ते देवाच्या नावावर खपवतात. एलीयासाठी जो भात रांधला होता, त्याचा तांदूळ मी तीन आठवड्यांच्या डब्यांतून एकेक दाणा वेचून जमवला होता. त्यात खडा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलीयाला एसटीवर पोचवायला आम्ही दोघं गेलो. गाडीत चढताना तो म्हणाला, “दाजी, रागावू नका. नगरला मुलींच्या शाळेत जूनपासून जागा आहे. ताईनं अर्ज केला तर मिळेल. सलोमीलाही तिथंच घालता येईल. तुमचं समाधान तुम्हाला लखलाभ, पण हिला का त्यात ओढता?”

हे हसले. “तिला विचार ना.”

“तिलाच सांगतोय,” एलीया म्हणाला, आणि गाडी सुटली.

परतताना मी मोंढ्याच्या कोपऱ्यावर थांबले. जे बोलायचं ते घरी गेल्यावर निघालं नसतं. घरी गेले की कुणीतरी प्रार्थनेला बोलवायला आलेलं असायचंच.

“अहो, ऐका. मी चार रविवार थांबते. या चार रविवारांत डबा निवडलेला, नीट यायला लागला तर मी राहते. नाही आला तर मी सलोमीला घेऊन नगरला जाते. तुमची बदली होईल तेव्हा सांगा, मग येईन.”

“बरं,” ते म्हणाले.

“नुसतं बरं?”

“मंडळीला सांगायला हवं ना मग. येत्या रविवारी तूच सांग.”

माणूस भांडत असेल तर निदान भांडता येतं. यांच्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्क्या मारणं. मी वाटभर एक शब्द बोलले नाही, आणि त्यांनी वाटेत भेटलेल्या तिघांची तब्येत विचारली.

रविवारी उपदेशाचा विषय कोणता असावा? समाधान. आहे त्यात तृप्त असावं, अन्नवस्त्र मिळालं की पुरे मानावं. बायका माना डोलवत होत्या. मी पहिल्या बाकावर बसून मनात म्हणत होते, समाधान यांचं आणि निवडणं माझं. उपदेश संपला आणि हे म्हणाले, “आता पाळकीणबाई एक सूचना देतील.”

मी उठले. मांडून ठेवलेलं वाक्य फार सौम्य होतं. पण तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं.

“मुठीच्या डब्यात काय काय येतं ते मला ठाऊक आहे,” मी म्हटलं. “दान द्यायचं तर नीट द्यावं. ज्वारी द्या, निवडून द्या. नसेल जमत तर देऊ नका. पण घरातली झाडलोट देवाच्या डब्यात टाकू नका. ती आम्ही इथून पुढे घेणार नाही.”

दाराशी, डब्याच्या अगदी शेजारी जमिनीवर बसणाऱ्या तबीबाईनं पदर पुढे ओढून घेतला एवढं मला आठवतं. तबीबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यांत म्हातारी बाई, एकटी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला बाकावर बसवायचा आम्ही खूप प्रयत्न केला होता, पण ती दार सोडत नसे. मी खाली बसले तेव्हा माझे कान तापले होते, पण छातीवरून पाट्याएवढं ओझं उतरलं होतं. घरी जाताना हे फक्त उन्हाबद्दल बोलले, आणि त्याचाही मला रागच आला.

आणि काय सांगू, गुण आला. पुढच्या रविवारी डबा घरी आणून उघडला तर आत पांढरीशुभ्र ज्वारी. एक खडा नाही. सोमवारी मी सूप खुंटीवरून काढलंसुद्धा नाही. सलोमीचा झगा शिवायला घेतला. “बघा,” मी यांना म्हटलं, “सांगितलं की होतं. कुणी सांगतच नव्हतं.”

“हो,” हे म्हणाले.

फक्त डबा अर्ध्याच्याही खाली होता. मला वाटलं, बायका रुसल्या असतील, येतील वळणावर. गुरुवारी पीठ संपलं. दुसऱ्या रविवारी तेच, स्वच्छ ज्वारी आणि डबा अर्ध्याच्या खाली. या आठवड्यात बुधवारीच हात तळाला लागला. हे संध्याकाळी “आज भूक नाही” म्हणायला लागले. दोनदा असं झालं तेव्हा मी म्हटलं, “भूक नाही की भाकरी नाही?” ते सलोमीला गोष्ट सांगत बसले.

तिसऱ्या रविवारी उपासना झाल्यावर ते दाराशी थांबून म्हणाले, “तबीबाई तीन आठवडे आली नाही. जरा जाऊन ये.”

“तुम्ही जा. पाळक तुम्ही आहात.”

“तूच जा, रिबेका.”

ते मला नावानं क्वचित हाक मारत. मी धुसफुसत का होईना, सोमवारी गेले.

तबीबाईचं घर म्हणजे मोंढ्याच्या मागच्या भिंतीला लावलेली पत्र्याची एक खोली. दार उघडंच होतं. ती उंबऱ्याच्या आत उजेडाला पाठ करून बसली होती. पुढ्यात एक मळकं धोतर पसरलेलं, त्यावर धान्याचा ढीग, आणि बाजूला तीन वाट्या. ती ढिगातून चिमूट उचलायची, बोटांनी चोळून बघायची आणि दाणे एकेका वाटीत टाकायची.

“कोन हाय?”

“मी. पाळकीणबाई.”

“आगं माय! बसा, बसा.” तिनं हातानंच जमीन झाडली. “यायचं व्हतं वो मला. पर ह्ये सरलंच न्हाई. येक वाटीबी भरंना. रिकाम्या हातानं देवाच्या दारात कसं यावं?”

मी ढिगाकडे बघितलं. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, मटकी, तुरीची चूर, हरभऱ्याची कणी, काळे खडे. मला कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. वर्षानुवर्षं दर सोमवारी आमची भेट होत होती.

“डब्यातलं ते... तुम्ही टाकत होता?”

“मंग? मोंढ्यातलं हाय. आडत्याच्या दारात पोती उलटी करत्यात, सांडतं. सांजच्याला म्या झाडते, त्यो मजुरी न्हाई देत, झाडलेलं ने म्हनतो. पाखडून आनते. निम्मं माझं, निम्मं देवाचं. अकरा वरसं झाली.”

“निम्मं? सगळे तर मूठ देतात.”

“ज्याच्या घरी कनगी हाय त्यानं मूठ मोजावी, माय. माझं समदंच सांडलेलं. त्यात काय मोजायचं?” ती हसली. मग जरा ओशाळून म्हणाली, “तुमी सांगितलं ते बरूबर हाय. झाडलोट देवाला कशी द्यावी? पर मला कुनी सांगितलंच न्हवतं वो. आता डोळ्यानं दिसंना. हाताला गहू कळतो, तांदूळ कळतो. बारक्या दान्यात फसगत व्हती.”

मला बसवेना आणि उठवेना. हमालांच्या पायांखालचं धान्य मी वर्षानुवर्षं खात होते, मुलीला खाऊ घालत होते, हे आधी मनात आलं आणि शिसारी आली. मी काही संत नव्हे, तेव्हा जे वाटलं ते सांगते. मग डब्याचा हिशेब डोक्यात शिरला. तेरा घरांची मिळून मूठ अर्ध्या डब्याच्या खाली भरत होती. वरचा सगळा डबा या एका बाईचा होता. तेरा घरांतल्या बायकांनी देवाची मूठ वर्षागणिक आवळत आणली होती, आणि मी झाडलोट कुणाला म्हटलं तर हिला.

तांदळाच्या वाटीत ज्वारीचे चार दाणे आणि एक खडा होता. मी ढीग पुढ्यात ओढला आणि निवडायला लागले. दुसरं काय करावं तेच सुचत नव्हतं.

तिनं आवाजावरून ओळखलं. “लई झटझट चालतो वो तुमचा हात!”

“सवय आहे.”

“कसली?”

“दर सोमवारी डबा निवडायची.”

तिची बोटं थांबली. “समदा डबा?”

“सगळा.”

“आगं माय माय माय!” ती कपाळाला हात लावून बसली. “कामून? तसंच दळायचं ना! म्या तर तसंच दळून खाते. म्या समजले तुमीबी तसंच खाता. पाळकसायेब म्हनले व्हते ना मला, तबीबाई, तुमच्या दान्याची भाकर आमच्या घरी लई गोड लागते.”

शांतवन ढगे खोटं बोलत नसत. एकदा तिकीट न देता कंडक्टर पुढे गेला तर उतरताना त्याला शोधून पैसे देणारा हा माणूस. आमच्या घरी तसली भाकरी एकदाही झालेली नव्हती.

तबीबाईनं तोंड माझ्याकडे वळवलं. डोळे पांढुरके, माझ्यावर नेमके न पडणारे. “लागती का वो गोड?”

“लागते,” मी म्हटलं.

उठताना मी तो निवडायचा राहिलेला ढीग धोतरासकट मागितला. ती देईना. “तुमी मंडळीसमोर सांगितलं, आता तसलंच घेतलं तर तुमाला खाली बघाया लागंल,” म्हणाली. मी म्हटलं, ते माझं मी बघते. शेवटी गाठोडं माझ्या हातात आलं. मी घरी पोचेपर्यंत माझ्या रागाला वाट सापडली होती.

“तुम्हाला माहीत होतं.” मी गाठोडं यांच्या पुस्तकावर ठेवलं.

“हो.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू खाल्लं नसतंस.”

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. “आणि मला मंडळीसमोर उभं केलंत! हे सगळं ठाऊक असून!”

त्यांनी चष्मा काढला. “मला वाटलं, तू निवडून द्या एवढंच म्हणशील. झाडलोट म्हणशील असं नव्हतं वाटलं. त्या क्षणी उठून तुला थांबवायला हवं होतं. मी नाही उठलो. तुला चार लोकांत बोलायचं धाडस झालं नाही मला. तबीबाईकडेही पाय वळेना.” चष्मा पुसत ते म्हणाले, “तू निवडायचीस ते मला दिसत होतं गं. आपल्याला काय कमी आहे असं म्हटलं की माझ्यापुरतं ते सुटायचं.”

बारा वर्षांच्या संसारात हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. पण मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. मी म्हटलं, “सकाळी गिरणीत जाते. मग बघू.”

गिरणीत डबा उघडला की कोण काय खातं ते गावाला कळतं. त्या सकाळी रांगेत सात-आठ बायका होत्या, त्यांतल्या दोन आमच्या मंडळीतल्या. गिरणीवाल्या बाबूमियांनी माझ्या डब्याचं झाकण काढलं, हात घालून मूठ वर घेतली आणि बोटांतून सोडली.

“बाई, यह तो मिसळलेलं आहे. हरभरा जात्याला धरतो, ज्वारी सगळी झाल्यावर घेतो. भरड करायची ना? म्हैस घेतली काय पाळकसाहेबांनी?”

बायका हसल्या. हसू सहज होतं, त्यात वाईट काही नव्हतं. हो, म्हशीला, एवढं म्हटलं असतं की सुटका होती. जीभ तिथपर्यंत आलीही होती.

“भरड नको,” मी म्हटलं. “बारीक काढा. भाकरीला हवंय.”

“कुणाच्या?”

“आमच्या. आम्ही खाणार.”

हसू थांबलं. आमच्या मंडळीतल्या दोघी एकमेकींकडे बघून जात्याच्या पट्ट्याकडे बघायला लागल्या. मी एक तास सगळ्यांच्या शेवटी उभी राहिले, आणि तो तास मला परीक्षेच्या खोलीतल्या तासापेक्षा लांब वाटला.

भाकरी थापली तर कडेनं फाटली. तव्यावर टाकताना दोन तुकडे झाले. कशीबशी भाजून यांच्या ताटात वाढली, बरोबर ठेचा.

“गोड लागते म्हणून सांगितलंत ना? खा.”

त्यांनी घास घेतला. कचकच मला ऐकू आली. त्यांनी चावला, गिळला, आणि दुसरा तोडला. मीही समोर बसून खाल्ली. गोड वगैरे काही नव्हती. तुरीमुळे कडवट होती, घशाला लागत होती. सलोमी मात्र दोन खाऊन तिसरी मागायला लागली, पण ती उपाशी होती.

चौथ्या रविवारी सूचनेच्या वेळी कुणी बोलवायच्या आत मी उठले. “मागे मी एक शब्द वापरला,” मी म्हटलं. “तो मागे घेते. ज्यांना जे देता येईल ते त्यांनी द्यावं, जसं असेल तसं द्यावं. आमच्या घरी ते दळून खातात.” शेवटच्या शब्दाला मी खालीच बसले. कुणी आमेन म्हटलं नाही.

मग दाराशी हालचाल झाली. तीन रविवारांनंतर आलेली तबीबाई डबा चाचपडत उठली. पदराची गाठ सोडली आणि आतलं सगळं डब्यात ओतलं. पत्र्यावर दाण्यांचा आवाज बराच वेळ होत राहिला. पुढच्या बाकांवरच्या बायकांनी मान वळवून पाहिलं, कारण आपली मडकी ओतताना एवढा वेळ लागत नाही हे त्यांना माहीत होतं.

दुपारी हे डबा घेऊन घरी आले. गळ्यापर्यंत भरलेला. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं. ज्वारी, बाजरी, मटकी, खडे.

“चार रविवार झाले,” ते म्हणाले. “आजचा काही निवडलेला आला नाही.”

“दिसतंय मला.”

“एलीयाला पत्र टाकू का? जूनला आठ दिवस आहेत. मी अडवणार नाही, रिबेका. आणि आपल्याला काय कमी आहे असंही म्हणणार नाही.”

मी सूप घेतलं, खडे पाखडून काढले आणि बाकीचं तसंच दळणाच्या डब्यात भरलं.

“इतक्यात नको,” मी म्हटलं. “एवढं पीठ संपू दे. मग जाते.”

सोनखेड्याला आम्ही त्यानंतर नऊ वर्षं होतो. पीठ काही संपलं नाही.